परवान्याआधीची शर्यत

30 ऑगस्ट 2024. इटलीतल्या मॉन्झाला फॉर्म्युला वनचं पहिलं सराव सत्र सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. जॉर्ज रसेलच्या मर्सिडीजमध्ये त्या दिवशी आंद्रेआ किमी अँटोनेली नावाचा मुलगा बसला होता. पहिल्याच वेगवान फेरीत त्याचं नाव वेळेच्या यादीत सर्वांत वर गेलं आणि पुढच्या फेरीत पाराबोलिकाच्या वळणावर गाडी मागून सुटली ती थेट टायरांच्या भिंतीवर आदळली. त्याला अठरा पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. रस्त्यावर साधी मोटार चालवायचा परवाना अजून हातात यायचा होता. तो 2025 च्या सुरुवातीला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मर्सिडीजने जाहीर केलं की 2025 पासून सात वेळच्या विश्वविजेत्या लुईस हॅमिल्टनच्या जागी हाच मुलगा असेल. कालचा अपघात पाहून कुणाचं मन बदललं नाही, कारण निर्णय जुना होता. फेरारीकडे जातोय हे हॅमिल्टनने सांगितलं, त्यानंतर पाचेक मिनिटांतच अँटोनेलीचं नाव मनात पक्कं झालं होतं, असं संघप्रमुख टोटो वोल्फ यांनी पुढे बोलूनही दाखवलं.

इतक्या लहान वयाचं हे प्रकरण नवं नाही. 2015 मध्ये मॅक्स वेरस्टॅपेन 17 वर्षं 166 दिवसांचा असताना मेलबर्नच्या शर्यतीत उतरला. कार्टिंगनंतर (छोट्या कार्टगाड्यांच्या शर्यती) खालच्या पातळीवरच्या फॉर्म्युला थ्रीचं एकच वर्ष त्याच्या गाठीशी होतं. एफआयएला, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेला, हे फारसं रुचलं नाही आणि 2016 पासून सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वनच्या परवान्याचे नियम कडक झाले: वय किमान 18, रस्त्यावरचा परवाना, खालच्या मालिकांत दोन वर्षं आणि तीन वर्षांत 40 गुण. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की हे 40 गुण एकदम मिळतात. त्यामुळे वर जाणारा जिना जवळपास एकच उरला. 2024 मध्ये एफआयएने 17 वर्षांच्या चालकालाही अपवाद म्हणून परवानगी देण्याची तरतूद केली, तेव्हा पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या संघांच्या तळावर, सगळ्यांच्या तोंडी अँटोनेलीचंच नाव होतं. शेवटी तो अपवाद त्याला लागला नाही.

त्याचा जन्म 25 ऑगस्ट 2006 चा, बोलोन्याचा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे पाळणाच गॅरेजमध्ये होता. वडील मार्को स्वतः शर्यती खेळलेले आणि एकेएम मोटरस्पोर्ट हा त्यांचा संघ. 'किमी' हे नाव फिनलंडचा चालक किमी रायकोनेनवरून ठेवलं असं सगळ्यांना वाटतं, पण घरचे सांगतात की ते वडिलांच्या एका मित्राने सुचवलं होतं.

इटलीच्या दृष्टीने 2006 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्या जन्माच्या पाच महिने आधी जियानकार्लो फिसिकेला मलेशियात जिंकला होता. त्यानंतर 2025 संपेपर्यंत एकाही इटालियन चालकाने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली नाही. विश्वविजेतेपद तर 1953 मधल्या अल्बर्टो अस्कारीनंतर आलेलंच नाही. फेरारी घरात आणि चालक बाहेरचे, अशी त्या देशाची जुनी खंत. तेव्हा बोलोन्यातला एक पोरगा कार्टिंगमध्ये सगळ्यांना मागे टाकतोय म्हटल्यावर फेरारीने त्याला उचलायला हवं होतं. उचललं मर्सिडीजने, 2019 मध्ये, तो बारा वर्षांचा असताना.

पुढचा चढ सरळ आहे, म्हणून भरभर सांगतो. 2020 आणि 2021 मध्ये कार्टिंगचं युरोपीय विजेतेपद. 2022 मध्ये प्रेमा संघाकडून इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही फॉर्म्युला फोर मालिका. 2023 च्या सुरुवातीला फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्टचं विजेतेपद, आणि तेही मुंबई फाल्कन्स या भारतीय संघाच्या गाडीत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. त्याच वर्षी युरोपीय रीजनल मालिकाही त्याचीच. मग फॉर्म्युला थ्रीची पायरी गाळून थेट फॉर्म्युला टू. तिथे मात्र घोडदौड थांबली. 2024 मध्ये प्रेमाची गाडी पूर्वीसारखी राहिली नव्हती. सिल्व्हरस्टोनची स्प्रिंट (छोटी शर्यत) आणि बुडापेस्टची मुख्य शर्यत जिंकून तो वर्षअखेरीस सहावा आला.

सहाव्या क्रमांकाच्या चालकाला हॅमिल्टनची जागा कशी मिळते? माझ्या मते खरी पार्श्वभूमी इथे आहे. 2009 पासून हंगाम चालू असताना नव्या गाडीच्या चाचण्यांवर जवळपास बंदी आहे, त्यामुळे नवख्याला हात बसवायला सिम्युलेटर आणि जुन्या गाड्या एवढंच उरतं. मर्सिडीजने 2024 भर आपल्या 2021 आणि 2022 च्या गाड्या वेगवेगळ्या ट्रॅकवर नेल्या आणि अँटोनेलीला हजारो किलोमीटर चालवायला दिल्या. फॉर्म्युला टूच्या गुणतक्त्यात न दिसणारा हा वेग संघाच्या आकड्यांत दिसत होता. पण जुनी गाडी, तिचं इंजिन, मेकॅनिक, ट्रॅकचं भाडं हे सगळं एका मुलासाठी करणं बड्या संघालाच परवडतं. तेवढाच वेगवान, पण पाठीशी कुणी नसलेला दुसरा मुलगा फॉर्म्युला टूच्या सहाव्या क्रमांकावरून घरी जातो.

2025 उजाडलं. त्याने 12 क्रमांक घेतला, ब्राझीलचा दिवंगत चालक आयर्टन सेनाच्या आठवणीत. मेलबर्नच्या पावसात सोळाव्या जागेवरून सुटून चौथा आला. सुझुकात शर्यतीची आघाडी घेणारा आणि सर्वांत वेगवान फेरी मारणारा आजवरचा सर्वांत लहान चालक ठरला. दोन्ही विक्रम वेरस्टॅपेनचे होते. मायामीला स्प्रिंटचा पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुटण्याची जागा, मिळाली.

आणि या सगळ्यात शाळा चालू होती. शेवटचं वर्ष, जूनमध्ये बोर्डाची परीक्षा. प्रवासात आणि हॉटेलच्या खोलीत अभ्यास व्हायचा. मे महिन्यात इमोलाला, म्हणजे घरच्या अंगणात शर्यत होती तेव्हा त्याने आपला अख्खा वर्ग पॅडॉक बघायला बोलावला. रविवारी थ्रॉटल बिघडलं आणि शर्यत अर्धवट सुटली. जूनमध्ये कॅनडात तिसरा आला, ट्रुलीनंतर म्हणजे 2009 नंतर पोडियमवर चढलेला पहिला इटालियन. त्याच महिन्यात परीक्षेला बसला आणि पासही झाला.

युरोपातला उन्हाळा मात्र वाईट गेला. ऑस्ट्रियात पहिल्याच फेरीत वेरस्टॅपेनवर आदळला, हॉलंडमध्ये फेरारीच्या लेक्लेअरवर. मॉन्झाआधी हंगेरीतला एक गुण सोडला तर पाटी कोरी. चूक निव्वळ त्याची नव्हती: इमोलाला पहिल्यांदा आणलेल्या नव्या मागच्या सस्पेन्शनमुळे गाडीवरचा विश्वासच उडतो, हे मर्सिडीजला उशिरा उमगलं आणि हंगेरीला जुनं सस्पेन्शन परत बसवलं. तरी मॉन्झाला नववा आल्यावर वोल्फ यांनी जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. बाकूपासून सूर परत लागला. ब्राझीलला मागे वेरस्टॅपेनला थोपवून दुसरा. लास वेगासला सतराव्या जागेवरून सुटून आणि मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या अपात्र ठरल्यावर तिसरा. वर्षअखेरीस 150 गुण आणि सातवा क्रमांक, हॅमिल्टनपेक्षा फक्त सहा गुण कमी.

जुन्या गाडीतल्या चाचण्यांनी ज्याची तयारी होत नाही, ते कतारला समोर आलं. शेवटून दुसऱ्या फेरीत अँटोनेलीची गाडी क्षणभर रेषेबाहेर गेली आणि मॅक्लारेनचा लँडो नॉरिस पुढे निघून चौथा झाला. विजेतेपदासाठी नॉरिसशी लढत होता वेरस्टॅपेन. वेरस्टॅपेनच्या रेड बुल संघाकडून असा सूर निघाला की अँटोनेलीने नॉरिसला मुद्दाम वाट दिली. त्या रात्री 19 वर्षांच्या मुलाच्या सोशल मीडियावर शिव्यांचा आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचा पाऊस पडला. त्याने प्रोफाइलचा फोटो काढून तिथे काळा रंग ठेवला. दुसऱ्या दिवशी रेड बुलने तो आरोप चुकीचा असल्याचं मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. आठवड्याने अबू धाबीला नॉरिस विश्वविजेता झाला, वेरस्टॅपेनपेक्षा दोन गुण जास्त मिळवून. चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या गुणांत तेवढाच फरक असतो.