स्टायलिश मारधाडपटांतील स्त्रीवरील हिंसा

स्त्रीला होणारी मारहाण, तिचा पाठलाग, छळ किंवा खून देखणा करून करमणूक म्हणून दाखवण्याची मारधाडपटांतील रीत. पडद्यावर स्त्री मार खाते एवढ्यावरून दृश्य या सदरात पडत नाही. मार कोणाच्या नजरेने दिसतो आणि मारानंतर काय दिसते, यावर ते ठरते.

सेकंदाला 24 फ्रेमने दाखवायचे दृश्य 96 फ्रेमने टिपले की पडणे चौपट लांबते. केस उडतात, काचा चमकतात, पण देहाचे वजन जाते आणि आदळणे जाणवत नाही. किंकाळी दाबून त्यावर संगीत चढवतात. जखम म्हणजे ओठाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ. सुजलेला जबडा किंवा तुटलेला दात सहसा नाहीच, कारण चेहरा पोस्टरवर चालला पाहिजे. मग कट थेट नायकाच्या चेहऱ्यावर. तिचे मरण त्याच्या सुडाला कारण पुरवते. अमेरिकन कॉमिक्समधल्या अशा बळींची यादी कॉमिक्स-लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये केली. त्या यादीचे ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ हे नाव नायकाच्या प्रेयसीला मारून फ्रिजमध्ये कोंबणाऱ्या एका कथेवरून आले.

हिचकॉकचा ‘सायको’ (1960) हा भयपट, मारधाडपट नव्हे, तरी त्यातल्या नहाणीतल्या खुनाची नक्कल मारधाडपटांनीही केली. पाऊण मिनिटाच्या त्या प्रसंगाला सुमारे आठवडाभर शूटिंग लागले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरले आणि भीती उभी राहिली ती कट आणि व्हायोलिनवर. नक्कल करणाऱ्यांनी बहुधा चाकू आणि उघडे अंग तेवढे उचलले. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर स्त्रीदेहावर एकवटते, हे चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये मांडले. निषेधासाठी लिहिलेला प्रसंग फसतो तो इथेच: संवाद तिच्या बाजूने, कॅमेरा हल्लेखोराच्या खांद्यावर.

सेटवर या देखणेपणाचा भुर्दंड स्टंट करणाऱ्या बाईला पडतो. पुरुषाच्या कोटाखाली कोपर, पाठ, गुडघ्यांचे पॅड मावतात. तोकड्या पोशाखात ते लपत नाहीत. जिना तोच, पायऱ्या त्याच, अंगावर मात्र कापडाचा एक थर.

नायिका स्वतः लढते म्हणून दोष आपोआप जात नाही. तिच्या डावपेचाने लढत फिरते का, की प्रत्येक ठोशाला फक्त कपडा फाटतो, हे पाहावे लागते. सेन्सॉरची कात्रीही इथे उलटू शकते: रक्त आणि विव्हळणे कापून सौम्य प्रमाणपत्र मिळते, पण ठोसा तसाच राहतो आणि तो लागल्याची खूण तेवढी जाते.