सेफ्टी बेल्टचा हूक आणि त्याचं गेट

पावसाळा सरला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये बाहेरच्या रंगकामाची घाई सुरू होते. खारघर, कोपरखैरणे, ऐरोलीतही तेच. गच्चीवरून दोर सोडलेले असतात, फळीच्या झुल्यावर रंगारी बसलेला असतो आणि शेजारून लाईफ लाईनचा वेगळा दोर खाली गेलेला असतो. रंगाऱ्याच्या पाठीवरच्या पट्ट्यांतून निघालेली दोरी त्या लाईफ लाईनला जोडलेली असते, आणि तो जोड म्हणजे स्प्रिंगचा एक हूक. साइटवर या सगळ्याला मिळून ‘बेल्ट’ म्हणतात. बेल्ट घातलाय का, हे ठेकेदार विचारतो. हूक मारलाय का, हे चांगला सुपरवायझर विचारतो. पण त्या हुकाचं गेट, म्हणजे त्याचं तोंड मिटणारी स्प्रिंगची जीभ, कडेने किती भार सोसतं, हे विचारणारा फार क्वचित भेटतो. या वस्तूच्या सुधारणेचा बराचसा इतिहास मात्र त्या गेटभोवतीच घडला आहे. आपल्याकडे हुकाची चर्चा ‘लोखंड किती जाड’ इथेच अडकते, म्हणून हा इतिहास नीट मांडायला हवा.

सुरुवात युरोपच्या घोडदळापासून करावी लागते. खांद्यावरून तिरपा पट्टा, पट्ट्यावर सरकणारा हूक आणि हुकाला लटकलेली आखूड नळीची कार्बाइन बंदूक, अशी स्वाराची व्यवस्था असे. एक हात लगामावर असल्यामुळे बंदूक दुसऱ्या हाताने काढता यायला हवी, आणि घोडा उधळला तरी ती पडता कामा नये. म्हणून हुकाच्या तोंडावर स्प्रिंगची जीभ आली. दाबली की आत जाणारी, सोडली की आपोआप मिटणारी. एका हाताने उघडणारा आणि स्वतःहून बंद होणारा हूक, ही मूळ मागणी तेव्हाच पूर्ण झाली. मात्र त्यावर येणारा भार होता एका बंदुकीचा. पडणाऱ्या माणसाचा झटका त्या आराखड्यात कुठेच नव्हता, आणि पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथे आहे.

पुढे हा हूक अग्निशमन दलांकडे गेला. म्युनिकच्या बंबवाल्यांच्या पट्ट्यावर नासपतीच्या आकाराचे पोलादी हूक असत. तिथल्याच ओटो हेर्झोग या गिर्यारोहकाने १९१० च्या सुमारास ते पाहिले आणि कड्यावर वापरायला घेतले. तोवर गिर्यारोहक खिळ्याच्या डोळ्यातून दोर ओवायचे किंवा मध्ये दोरीचा तुकडा बांधायचे. हूक आल्यावर ते काम एका हाताने क्षणात होऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास पोलादाची जागा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूने घेतली आणि वजन झपाट्याने उतरलं.

गिर्यारोहणात हूक पहिल्यांदा खऱ्या झटक्याला सामोरा गेला, आणि गेट मिटलेलं असणं म्हणजे नेमकं काय हे तिथे कळलं. मिटलेल्या गेटचं टोक हुकाच्या नाकात अडकतं, तेव्हा हूक बंद चौकट होतो आणि भार दोन्ही बाजूंनी वाहतो. गेट उघडं असेल तर सगळा भार एकट्या पाठीवर येतो आणि हूक सरळ व्हायला बघतो. गिर्यारोहणाच्या हुकांसाठीच्या ईएन १२२७५ या युरोपीय मानकात हा फरक आकड्यांत दिसतो. साध्या हुकाने गेट मिटलेलं असताना लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन हजार किलोचा भार सोसला पाहिजे. गेट उघडं असताना हीच अपेक्षा ७ किलोन्यूटनवर येते. आडव्या भारासाठीही ७ च. तोच हूक, तेच लोखंड, पण गेट उघडं राहिलं की जेमतेम तिसरा हिस्सा ताकद उरते.

मुंब्र्याच्या कड्यांवर सराव करणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मुंबई-ठाण्यात गिर्यारोहणाची परंपरा जुनी आहे, गिरिविहार संस्था १९५४ पासूनची. गेट खडकाच्या बाजूला ठेवू नकोस, स्क्रू गेट शेवटपर्यंत फिरव, फिरवल्यावर दाबून बघ, ही शिकवण तिथे तोंडपाठ असते. १९९० च्या दशकात तारेचं गेट लोकप्रिय झालं, त्यामागेही असाच अनुभव होता. दोर सर्रकन सरकताना किंवा हूक खडकावर आपटताना जड गेट स्वतःच्या वजनाने क्षणभर उघडतं आणि नेमका तेव्हाच झटका आला तर घात होतो. गेट हलकं केलं की हे उघडणं कमी होतं. स्प्रिंग न वाढवता केलेली ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

मात्र ठाण्याच्या परांचीवर जो हूक दिसतो तो या शाखेचा नाही. तो दुसऱ्या घराण्यातला, म्हणजे घोड्याच्या साजापासून खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या कमरपट्ट्यापर्यंत आलेल्या स्नॅप हुकाचा वारस आहे. एका टोकाला दोरीसाठी डोळा, दुसऱ्या टोकाला चोचीसारखं तोंड आणि त्यावर एक स्प्रिंगचं गेट. विसाव्या शतकाचा मोठा भाग कामगारांनी हाच साधा, बिनलॉकचा हूक वापरला. त्याचा दोष असा की, तो न मोडता सुटत असे.

हे सुटणं कसं होतं ते डोळ्यांसमोर आणायला हवं. हूक पट्ट्याच्या डी-रिंगमध्ये, म्हणजे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कडीत अडकवलेला आहे. माणूस वळतो, वाकतो, दोरी ढिली पडते. ढिल्या दोरीत हूक रिंगभोवती फिरतो आणि रिंगची कड गेटच्या बाहेरच्या अंगावर येऊन बसते. आता दोरी ताणली गेली की रिंग गेटला आत ढकलते. गेट आत जायलाच केलेलं आहे, ते जातं. रिंग बाहेर निसटते, मागे गेट टक् करून मिटतं. हूक शाबूत, रिंग शाबूत, दोरी शाबूत आणि माणूस खाली. इंग्रजीत याला रोल-आउट म्हणतात. रिंग लहान असेल, एकाच रिंगमध्ये दोन हूक असतील किंवा हूक फिरवून स्वतःच्याच दोरीवर मारलेला असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यावर सुचणारा उपाय म्हणजे स्प्रिंग कडक करा. तो कागदावर सोपाही आहे. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेवढेच ठेवून तार ०.८ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ अडीच पट कडक होते. पण पडणाऱ्या माणसाचा झटका शेकडो किलोंचा असतो. अंगठ्याने उघडता येईल अशी कुठलीही स्प्रिंग त्याच्यापुढे टिकत नाही. उलट दिवसभर हातमोजे घालून ते कडक गेट दाबणारा माणूस कंटाळतो. मग तो गेट तारेने बांधून उघडं ठेवतो किंवा हूक मारणंच सोडून देतो. कडक स्प्रिंगने हूक सुरक्षित होत नाही हे मी ठामपणे म्हणतो. स्प्रिंगचं काम गेट परत जागेवर आणण्याचं आहे, भार अडवण्याचं नाही.

खरा उपाय लॉकचा होता. गेटच्या आड दुसरा अडसर ठेवायचा आणि तो दाबल्याशिवाय गेट हलताच कामा नये. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने १९९४ साली बांधकामासाठी पडण्यापासून संरक्षणाचे नियम जाहीर केले. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला अडवणाऱ्या साधनांत फक्त लॉकचे हूक चालतील असं ठरलं. त्याच तारखेपासून या कामासाठी नुसता कमरपट्टाही बाद झाला, कारण पोटावर बसणारा झटका माणसाला आतून फाडतो. युरोपच्या ईएन ३६२ मानकाने हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली: हूक उघडायला हाताच्या किमान दोन सलग, जाणूनबुजून केलेल्या हालचाली लागल्या पाहिजेत. भारतात औद्योगिक सेफ्टी बेल्ट आणि हार्नेससाठी (हार्नेस म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवतीचे पट्टे) आयएस ३५२१ हे मानक आहे, त्याची तिसरी सुधारित आवृत्ती १९९९ ची.

लॉक आलं तरी एक विसंगती राहिली होती. अमेरिकी नियमानुसार हुकाने ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलोचा ताण सोसायचा. पण तिथल्याच झेड३५९.१ या मानकात गेटकडून अपेक्षा होती समोरून २२० पौंडांची आणि बाजूने ३५० पौंडांची. म्हणजे सुमारे १०० आणि १५९ किलो. आता याशेजारी तिसरा आकडा ठेवून पाहा. पूर्ण हार्नेस घातलेल्या माणसाला अडवताना १,८०० पौंडांपर्यंतचा, सुमारे ८१६ किलोचा झटका नियमाला मान्य होता. हूक वेडावाकडा अडकून हा झटका गेटवर आला, तर शंभर किलोचं गेट काय करणार? २००७ च्या सुधारणेत गेटची अपेक्षा दोन्ही दिशांनी ३,६०० पौंडांवर, म्हणजे सुमारे १,६३३ किलोंवर नेण्यात आली. माझ्या मते या हुकाच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. हूक नेहमी सरळच ताणला जाईल हे गृहीतक तिथे सोडून दिलं गेलं. त्यासाठी गेटची पट्टी जाड झाली, बिजागरीची पिन भक्कम झाली आणि गेटच्या टोकाला नाकात बसणारी खाच नीट घडवावी लागली.

आपल्याकडच्या परांचीवर यात आणखी एक अडचण मिसळते. परांचीच्या पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. त्यावर बसायचं तर हुकाचं तोंड पन्नास मिलिमीटरच्या पुढे उघडायला हवं. म्हणून सेफ्टी बेल्टच्या टोकाला तो मोठा हूक दिसतो. तोंड मोठं म्हणजे गेट लांब, आणि गेट लांब म्हणजे बाजूने आलेल्या भाराने ते वाकायची, पिन उपसायची शक्यता जास्त.

असा वर्षभर वापरलेला हूक हातात घेऊन बघण्यासारखा असतो. पाठीच्या बाजूला तळहाताने दाबायची लॉकची पट्टी, पुढे अंगठ्याने ढकलायचं गेट. दोन्हींना आपापली स्प्रिंग, बहुतेकदा पिनेभोवती गुंडाळलेली. लॉकची पट्टी आणि हुकाची पाठ यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात सिमेंटचं पाणी शिरतं आणि सुकतं. वर रंगाचे थेंब बसतात. एक दिवस पट्टी दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहते. बाहेरून काहीही बिघडल्यासारखं दिसत नाही, गेट उघडतं आणि मिटतं, उलट पूर्वीपेक्षा सहज उघडतं म्हणून कामगाराला ते बरंच वाटतं. दोन हालचालींचा हूक गुपचूप एका हालचालीचा झालेला असतो, म्हणजे १९९८ च्या आधीचा. म्हणून लॉकची पट्टी न दाबता गेट ढकलून पाहायचं, ते तसूभरही उघडता कामा नये. आणि पूर्ण उघडून सोडलं की कुठेही न रेंगाळता नाकापर्यंत जाऊन बसलं पाहिजे. या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही.

सुधारणेला इथे भरपूर वाव आहे, आणि ती इथल्याच कारखानदारीच्या आवाक्यातली आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. पलीकडे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर पट्टा. स्प्रिंग वळणं, प्रेसचं काम, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ही सगळी कामं या भागातल्या गाळ्यांमध्ये होतात. लॉकच्या पट्टीखाली फट बंद ठेवण्याऐवजी दोन्ही बाजूंनी आरपार उघडी ठेवली, तर सिमेंट साचत नाही आणि पाण्याने धुता येतं. साचा थोडा बदलावा लागतो, एवढंच.

स्प्रिंगचं दुखणं जास्त खोल आहे. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे साध्या हाय कार्बन तारेला महिन्या-दोन महिन्यांत गंज धरतो. म्हणून तिच्यावर झिंक प्लेटिंग करतात. पण प्लेटिंगआधीच्या ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कणखर तार त्यामुळे ठिसूळ होते. स्प्रिंग त्याच दिवशी तुटत नाही. तपासणीत पास होते, हुकात बसते आणि ताणाखाली राहून काही दिवसांनी काचेसारखी तडकते. प्लेटिंग झाल्यावर लगेच, काही तासांच्या आत, १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजून हा हायड्रोजन बाहेर काढता येतो. घाईच्या ऑर्डरीत पहिली कात्री याच भाजण्यावर चालते, कारण न भाजलेली स्प्रिंग दिसायला अगदी तशीच असते. स्टेनलेसची तार घेतली तर प्लेटिंगच टळतं. ती महाग आणि थोडी कमी ताकदीची असते, पण संपूर्ण बेल्टच्या किमतीत स्प्रिंगचा वाटा इतका नगण्य आहे की इथे काटकसर करणं मला अजिबात पटत नाही.

ठाण्यात हा हूक आणखी एका ठिकाणी दिसतो. दहीहंडीच्या दिवशी वरच्या थरावरच्या गोविंदाच्या पाठीवर हार्नेस असतो आणि क्रेनवरून आलेली दोरी त्याच्या कडीत अडकवलेली असते. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून विक्रम केला, २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने दहा थर लावले, तेही ठाण्यातच. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात थरांच्या उंचीवरची मर्यादा उठली, मात्र १४ वर्षांखालच्या मुलांना मनाई राहिली. इथे हुकावर येणारा भार रंगाऱ्याच्या हुकापेक्षा वेगळा आहे. थर कोसळतो तेव्हा वरचा गोविंदा सरळ खाली येत नाही, तो फेकला जातो, लोंबकळत फिरतो, त्याला खालचे हात ओढतात. पाठीवरचा हूक त्याला स्वतःला दिसत नाही आणि त्याच्या हाताला पोचतही नाही. वळणाऱ्या भारासाठी डोळ्याशी फिरकी हवी, म्हणजे दोरीचा पीळ हुकात उतरत नाही. गेट बाजूच्या भाराला पुरणारं हवं. आणि लॉक असं हवं की ते नीट बसलं की नाही, हे खाली उभ्या माणसाला दुरून दिसेल. त्यासाठी लॉक उघडं असताना दिसणारा भाग लाल रंगवला, तरी पुष्कळ काम होतं.