‘स्वच्छ’ तळे कोणाला म्हणावे : स्वयंसेवी संघटनांच्या कामाची पार्श्वभूमी

सामाईक तळ्याची निगा राखणाऱ्या स्वयंसेवी संघटनेची सभा बहुधा एकाच मुद्द्यावर अडते: पाण्यातली वनस्पती काढून टाकायची की राहू द्यायची. वर्गणी, सांडव्याची डागडुजी, काठावरचा कचरा हे विषय तासाभरात मार्गी लागतात. वनस्पतींचा विषय निघाला की मात्र पोहणारे, नावा वल्हवणारे, गळ टाकणारे आणि काठावर राहणारे असे चार तट पडतात, आणि गंमत अशी की चौघेही ‘तळे स्वच्छ हवे’ असेच म्हणत असतात. हा गुंता साधारण गेल्या सव्वाशे वर्षांतला आहे. त्याआधीही तळी राखली जात होती, पण ती राखणारे लोक ते पाणी वापरणारे होते आणि त्यांच्यापुढचे प्रश्न बांध, गाळ आणि पाण्याची वाटणी यांचे होते.

पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांना शेवाळामुळे वास येऊ लागला, तेव्हा त्यावर मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या एका क्षाराचा, उपाय १९०४ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी पत्रिकेने पुढे आणला. उपाय स्वस्त होता आणि कोणालाही करता येण्याजोगा होता: गोणपाटात मोरचूद भरायचा, पोते नावेमागे बांधायचे आणि तो विरघळेपर्यंत तळ्यावर येरझारा घालायच्या. काही दिवसांत हिरवा रंग उतरत असल्यामुळे हा उपाय पुढे विहाराच्या तळ्यांवरही रुळला. मिनेसोटा राज्यातील फेअरमाँटच्या तळ्यांत तो ५८ वर्षे चालू होता, आणि त्या सगळ्या कालखंडाचा हिशोब १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. तळच्या गाळात तांबे साठत गेले होते, मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरत होते, तळाशी राहणारे बारीक जीव घटले होते, मुळे धरून वाढणाऱ्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता ते शेवाळ वाढत्या मात्रेला सरावत चालले होते. इतके होऊनही दर उन्हाळ्यात काही आठवडे पाणी बरे दिसे, आणि पुन्हा पोती भरायला तेवढे कारण पुरत होते.

‘स्वच्छ’ या एका शब्दात दोन मागण्या गुंतलेल्या असतात, हे इथेच सांगितले पाहिजे. एक मागणी नितळ पाण्याची, म्हणजे खोलवर दिसावे अशी. दुसरी मोकळ्या पाण्याची, म्हणजे पायाला, गळाला किंवा वल्ह्याला काही अडकू नये अशी. खोल आणि पोषकद्रव्ये कमी असलेल्या तळ्यात दोन्ही एकदम मिळू शकतात, त्यामुळे अशी तळी पाहिलेल्या माणसाला त्या एकच वाटतात. उथळ आणि गाळाने समृद्ध तळ्यात बहुधा त्यांतली एकच पदरात पडते.

पाणी हिरवे का होते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९५५ मध्ये नीलहरित शैवालाचा एक उपद्रवी प्रकार आढळला. त्या सरोवरात दररोज सुमारे ७.५ कोटी लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जात होते; म्हणजे घाण काढलेली होती, पण त्यातला स्फुरद (फॉस्फरस), जो शैवालाला खतासारखा लागू पडतो, शिल्लक होता. सांडपाणी दुसरीकडे वळवण्याचा प्रस्ताव मार्च १९५८ च्या मतदानात पडला. त्याची व्याप्ती कमी करून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मांडला गेला आणि मंजूर झाला. मधल्या सहा महिन्यांत जे घरोघर फिरले ते सामान्य नागरिक होते, आणि तळ्यांच्या स्वयंसेवी कामाचा इतिहास सांगताना झाडू-टोपलीच्या मोहिमांपेक्षा या सहा महिन्यांना अधिक जागा द्यायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवले गेले. जिथे उन्हाळ्यात जेमतेम मीटरभर खोल दिसत होते, तिथे आधी तीन मीटरपर्यंत आणि १९७६ नंतर, शैवाल खाणारा डॅफ्निया हा बारीक कवचधारी प्राणी वाढल्यावर, सहा-सात मीटरपर्यंत दिसू लागले.

तरीही दोष स्फुरदाचा की कार्बनचा, हा वाद चालूच राहिला आणि धुलाईच्या पावडरीतल्या फॉस्फेटमुळे तो बाजारापर्यंत पोहोचला. कॅनडातील ओंटारिओच्या वायव्य भागात ‘२२६’ एवढ्या क्रमांकानेच ओळखले जाणारे एक लहान तळे १९७३ मध्ये मधोमध पडदा टाकून दुभागण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवागार झाला, आणि त्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर स्फुरदाची बाजू वेगळी मांडावी लागली नाही.

याच सुमारास स्वयंसेवकांच्या कामाचे स्वरूप बदलले. मिनेसोटात १९७३ पासून नागरिकांकडून तळ्यांची पारदर्शकता मोजून घेतली जाऊ लागली. साधन जुनेच होते: १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाहण्यात आली होती, तिचेच हे लहान रूप. वीस सेंटिमीटर व्यासाची, चार पाकळ्यांत काळी-पांढरी रंगवलेली तबकडी भर दुपारी नावेच्या सावलीतल्या बाजूने, डोळ्यांवर गॉगल न लावता, दोरीने खाली सोडायची. ती दिसेनाशी झाली की पाण्याच्या पातळीशी दोरीला कपड्यांचा चिमटा लावायचा. आणखी थोडी खाली सोडून वर ओढताना ती पुन्हा दिसली की दुसरा चिमटा लावायचा, आणि तबकडीपासून दोन्ही चिमट्यांच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर वहीत लिहायचे. हे पंधरवड्याला एकदा, त्याच जागी, वर्षानुवर्षे करायचे. काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही. पण पूर्वी कोणाच्याही आठवणीवर चालणाऱ्या वादाला या वह्यांनी पहिल्यांदा आधार दिला.

१९७७ मध्ये या मोजणीवर आधारलेला एक निर्देशांक मांडला गेला. त्यात दहा अंकांची वाढ म्हणजे पारदर्शकता निम्म्यावर आल्याची खूण. तळ्यात पोषकद्रव्ये वाढण्याला अभ्यासक ‘सुपोषण’ म्हणतात, जो शब्द ऐकून तळ्याचे उत्तम चालले आहे असे वाटावे. आणि संघटनांनी हा सुपोषणाचा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचायला सुरुवात केली. निर्देशांक मांडणाऱ्यानेच बजावले होते की हा आकडा तळ्याची अवस्था सांगतो, त्याचा बरेवाईटपणा ठरवत नाही. मिनेसोटातल्या स्वयंसेवकांना मोजणीबरोबरच ‘आज पाणी कसे वाटते’ हेही नोंदवायला सांगितले, तेव्हा नितळ तळ्यांच्या उत्तर भागातले लोक ज्या पाण्याला नाक मुरडत होते, तेच पाणी दक्षिणेतल्या लोकांना चालत होते.

वनस्पतींबाबतचे मत बदलायला मात्र आणखी वेळ लागला. टेक्सासमधील लेक कॉनरो हा जलाशय हायड्रिला या पाणवनस्पतीने भरत चालला, तेव्हा १९८१-८२ मध्ये त्यात पाणवनस्पती खाणारे सुमारे २.७ लाख गवत्या मासे सोडण्यात आले. १९८३ पर्यंत हायड्रिला संपली आणि पाणी मोकळे झाले; पण वनस्पतीत अडकलेली पोषकद्रव्ये आता तरंगत्या शैवालाला मिळाली आणि पारदर्शकता घटली. १९९३ मध्ये उथळ तळ्यांविषयीची जी मांडणी पुढे आली, तिने याचे कारण सांगितले: वनस्पती गाळ धरून ठेवतात आणि शैवाल खाणाऱ्या बारीक जीवांना माशांपासून आडोसा देतात, म्हणून एकाच तळ्याच्या वनस्पतींसह नितळ आणि वनस्पतींविना गढूळ अशा दोन अवस्था असू शकतात, आणि एकीतून दुसरीत गेलेले तळे सहजासहजी परत येत नाही.

‘सरसकट काढा’ म्हणणाऱ्यांचीही बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे नोंदवायला हवे. बाहेरून आलेली हायड्रिला स्थानिक वनस्पतींना गुदमरून टाकते, दाट वाढीखाली रात्री प्राणवायू घटतो, आणि घाटाशी नाव लागत नसेल तर वर्गणी देणारे सभासदही उरत नाहीत. म्हणून पुढच्या काळात पोहण्याची जागा आणि नावांची वाट मोकळी करून उरलेला पट्टा राखायचा, अशी तडजोड अनेक ठिकाणी झाली. कामाचा बराचसा भार तळ्याबाहेर, पाणलोटातली खते, शोषखड्डे आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या नावांना चिकटून येणारे तुकडे यांच्याकडे वळला.

तबकडीच्या वह्यांना पुढे एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्यांची पारदर्शकता काढायची, तर चित्रातला रंग आणि प्रत्यक्ष खोली यांची सांगड घालायला जमिनीवरचे आकडे लागतात, आणि ते स्वयंसेवकांकडेच होते. त्यांच्या आधारे मिनेसोटातल्या दहा हजारांहून अधिक तळ्यांचा १९८५ ते २००५ या वीस वर्षांचा लेखा तयार झाला. मात्र जिथे पाणवनस्पती पृष्ठभागापर्यंत आलेल्या असतात, तो भाग या हिशोबातून वगळावा लागतो, कारण उपग्रहाला तिथे पाणी हिरवे आहे की पाने हिरवी आहेत, हे सांगता येत नाही.