मॉडबस वाचन

मॉडबस वाचन : ऊर्जामीटर, तापमान नियंत्रक, मोटारीचा ड्राइव्ह, पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) अशा औद्योगिक उपकरणांकडून मॉडबस प्रोटोकॉलने, म्हणजे उपकरणांमधल्या संवादाच्या ठरलेल्या नियमांनी, आकडे मागवणे व त्यांचा अर्थ लावणे. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये स्वतःच्या पीएलसींसाठी हा प्रोटोकॉल तयार केला. त्याचे नियम खुले असल्याने इतर उत्पादकांनीही तो उचलला. खानदेशातली डाळ मिल असो, जळगावचा चटई कारखाना असो की रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे शीतगृह, वेगवेगळ्या कंपन्यांची नवी-जुनी उपकरणे एकत्र जोडायची म्हटली की आजही बहुधा मॉडबसच कामी येतो.

जोडणी सहसा आरएस-४८५ या विद्युत प्रमाणानुसार दोन तारांची असते. तिची लांबी सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावतात. मास्टर (आकडे मागणारा संगणक किंवा पीएलसी) विचारतो, स्लेव्ह (मीटरसारखे उपकरण) उत्तर देतो. स्लेव्ह आपणहून कधीच बोलत नाही. प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ पैकी एक क्रमांक असतो. ‘०१ ०३ ०० ०० ०० ०२’ या संदेशाचा अर्थ : १ क्रमांकाच्या उपकरणा, तुझी होल्डिंग रजिस्टरे (आकडे साठवण्याच्या जागा) शून्य पत्त्यापासून दोन दे. त्यापुढे चूक पकडण्यासाठी सीआरसीचे दोन बाइट जोडलेले असतात. इथरनेटवरच्या मॉडबस टीसीपीत हे सीआरसी नसते.

खरे काम उत्तर आल्यावर सुरू होते. रजिस्टर म्हणजे १६ बिटांची, ० ते ६५,५३५ एवढीच संख्या. ती व्होल्ट आहे की अंश, दशांश चिन्ह कुठे द्यायचे, यातले काहीही मॉडबस सांगत नाही. ते उपकरणाच्या मॅन्युअलमधल्या रजिस्टर तक्त्यातच सापडते. मीटरकडून १७२५४ आणि ० अशी दोन रजिस्टरे आली, तर ती जोडून ३२ बिटांचा फ्लोट (दशांश संख्या) म्हणून वाचल्यावर २३० व्होल्ट निघतात; त्यांचा क्रम उलटला की पडद्यावर जवळजवळ शून्य दिसते. उणे १८ अंश दहापट करून पाठवले, तर चिन्ह न मानणाऱ्या वाचकाला ६५३५६ दिसतात.

अशा चुका निदान डोळ्यांत भरतात. घातक असतो तो खरा वाटणारा खोटा आकडा. मॅन्युअलमधले ४०००१ हे पहिले होल्डिंग रजिस्टर तारेवर शून्य पत्त्याने मागवायचे असते, पण काही उत्पादक तक्त्यात थेट तारेवरचाच पत्ता छापतात. या एकाच्या फरकाने शेजारचे रजिस्टर वाचले जाते. केळीच्या शीतगृहात ते शेजारचे रजिस्टर सेटपॉइंटचे (ठरवून दिलेल्या तापमानाचे) निघाले, तर पडद्यावर १३५, म्हणजे १३.५ अंश, रात्रंदिवस दिसत राहतात आणि आतले तापमान भलतेच असू शकते. केळी साधारण १३ अंशांखाली फार काळ राहिली की साल काळवंडते आणि माल नीट पिकत नाही. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या एका पत्त्यावर टांगलेले असतात.

म्हणून तक्त्याची प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेली असावी, आणि पडद्यावरचा प्रत्येक आकडा उपकरणाच्या डिस्प्लेशी एकदा तरी ताडून पाहावा. शीतगृहासाठी आणखी एक साधी परीक्षा आहे : सेन्सर काही वेळ मुठीत धरावा. तरीही आकडा १३५ वरून हलला नाही, तर आपण सेटपॉइंट वाचत आहोत.