पहिल्या वर्षी विषय राहिला म्हणजे सीट गेली?

मिरजेच्या मेडिकल हॉस्टेलवर जुनी आवई आहे: फर्स्ट एमबीबीएसला एक विषय राहिला की सीट गेली! मग पोरं घरी सांगत नाहीत, मेंटॉर (मार्गदर्शक) सरांकडे तर फिरकतच नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत पहिल्या वर्षाला परीक्षेच्या चार संधी आहेत, अख्ख्या कोर्सला प्रवेशापासून नऊ वर्षं. पुरवणी परीक्षाही असते. तीही हुकली तर पुढच्या बॅचबरोबर बसायचं. नामुष्की वाटते खरी, पण सीट शाबूत.

खरी मेख हजेरीची. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० हवेत, नाहीतर परीक्षेलाच बसता येत नाही. त्यामुळे अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्याच इंटर्नलला पन्नासात बारा पडले, तर त्याच आठवड्यात मेंटॉरला गाठा. जाताना हजेरीचा आकडा घेऊन जा. ‘सर, जमत नाही’ एवढ्यावर तेही काय सांगणार?