डीईएफचा दिवा लागल्यावर आम्ही काय तपासतो? डिझेल वाहनधारकांसाठी माहितीपत्रक

डॅशबोर्डवर डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड: धुरातील प्रदूषण कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरले जाणारे द्रावण), म्हणजे बोलण्यातल्या ‘युरिया’चा, दिवा लागला की पुष्कळ ग्राहक निदान ठरवूनच आमच्याकडे येतात: नॉक्स सेन्सर (धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मोजणारा भाग) गेला आहे, तेवढा बदलून द्या. काही वेळा ते खरेही निघते. परंतु नवा सेन्सर बसवल्यावर थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागल्याची उदाहरणेही आमच्यासमोर वरचेवर येतात, कारण बिघाड दुसरीकडेच असतो आणि जुना सेन्सर तो इमानाने दाखवत असतो. आमच्या तपासणीचा क्रम काय आहे आणि तिला वेळ का लागतो, हे आपल्याला कळावे म्हणून हे पत्रक.

टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकीचे क्षार काढलेले पाणी असते. पंप हे द्रावण ठरावीक दाबाने नोझलपर्यंत पोहोचवतो आणि नोझल ते तापलेल्या धुरात फवारते. उष्णतेने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तो एससीआर (सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन) उत्प्रेरकात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी, म्हणजेच नॉक्सशी, अभिक्रिया करतो; त्यातून निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ एवढेच उरते. बहुतेक वाहनांत उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नॉक्स सेन्सर असतात. त्यांच्या आकड्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर कंट्रोल युनिट ‘पी२०ईई’ हा कोड नोंदवते. उत्प्रेरकाची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे, इतकाच या कोडचा अर्थ. कोणता भाग बिघडला, हे तो सांगत नाही.

म्हणून आम्ही सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीपासून, म्हणजे द्रावणापासून करतो. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवला की युरियाचे प्रमाण समजते. मात्र या उपकरणालाही मर्यादा आहे: शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात योग्य प्रमाणात विरघळवला, तरी त्याचा आकडा बरोबरच येतो. त्या पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार नोझलमध्ये आणि उत्प्रेरकात साचत जातात, आणि ते नुकसान पुढे काही महिन्यांनी बाहेर येते. त्यामुळे द्रावण कोठून घेतले, कोणत्या डब्यात ठेवले होते आणि किती जुने होते, हे आम्ही विचारतो. कृपया त्यात संशयाचा भाग मानू नये. आयएसओ २२२४१ या मानकानुसार ३० अंश सेल्सियसपर्यंत साठवलेले द्रावण सुमारे १२ महिने टिकते, तर ३५ अंशांपर्यंत ६ महिनेच. डिझेल ओतलेले नरसाळे द्रावणासाठी वापरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे: डिझेलचा थोडासा अंशही टाकीत गेला, तर पंपातील व नळ्यांतील रबरी सील फुगतात आणि बहुधा संपूर्ण संच बदलावा लागतो.

द्रावण ठीक असेल, तर दाब तपासतो. अनेक प्रणालींत तो ५ किंवा ९ बार असतो; आपल्या वाहनाचा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घेतला जातो. दाब कमी असल्यास फिल्टर, पंप आणि सांधे पाहतो. त्यानंतर नोझल बाहेर काढून स्कॅनरच्या आज्ञेने ते मोजपात्रात फवारायला लावतो. ही चाचणी वेळखाऊ असली तरी आमच्या मते सर्वांत बोलकी आहे, कारण फवारा एका बाजूला वळला आहे, धार पडते आहे की नुसतेच ठिबकते आहे, हे डोळ्यांना दिसते आणि ठरलेल्या वेळेत किती द्रावण पडले हेही मोजता येते. नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे दिसले, तर केवळ ते खरवडून काम संपत नाही. वाहन सतत कमी अंतर आणि कमी वेगाने चालत असेल, तर धूर पुरेसा तापत नाही आणि खडे पुन्हा धरतात.

यानंतरच नॉक्स सेन्सरची पाळी. फवारणी थांबवून, उत्प्रेरकात साठलेला अमोनिया संपेपर्यंत वाहन चालवले, तर दोन्ही सेन्सरांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. तसे आले नाहीत, तर दोहोंपैकी एकावर शंका घेण्यास आधार मिळतो. येथे एक गंमत आहे: नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक नीट कळत नाही. नोझल गळून जास्त द्रावण धुरात गेले, तर उरलेला अमोनियाही मागच्या सेन्सरला नॉक्सच वाटतो आणि कोड मात्र उत्प्रेरक कमी पडल्याचा येतो. एक्झॉस्टमधील गळती आणि बिघडलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) हेही आम्ही याच टप्प्यावर पाहतो. उत्प्रेरक बदलण्याची शिफारस आम्ही सर्वांत शेवटी करतो आणि तीही आधीच्या चाचण्यांचे आकडे आपल्याला दाखवूनच.

फवारणी बंद ठेवून कंट्रोल युनिटला फसवणारी उपकरणे आम्ही बसवत नाही.

वाहन आणण्यापूर्वी कोड पुसू नयेत, कारण कोड नोंदवला गेला त्या क्षणीचे तापमान आणि वेग यांची नोंदही त्याबरोबर जाते. टाकी नुकतीच भरली असेल आणि दिवा तसाच असेल, तर पातळीची नोंद बदलण्यासाठी वाहन थोडे चालवून पाहावे. इंजिन बंद केल्यावर बॅटरीची तार लगेच काढू नये. अनेक वाहनांत त्यानंतरची एक-दोन मिनिटे पंप नळीतले द्रावण टाकीत परत खेचत असतो. उरलेले द्रावण आणि त्याचा डबा सोबत आणल्यास तपासणीचा पहिला टप्पा आपल्यासमोरच पूर्ण करता येतो.