कधीचाय बे हा फोटो?

उन्हाळा तापला की आमच्या ग्रुपवर पळसदेवच्या मंदिराचा फोटो येतोच. भीमेवरचं उजनी धरण मायनसमध्ये गेलं, पाणी हटलं, की एरवी बुडालेलं ते जुनं दगडी मंदिर उघडं पडतं, भोवती भेगाळलेला गाळ, एखादी कलंडलेली होडी. फोटो भारीच असतो. फक्त तो यंदाचा की पाच वर्षांपूर्वीचा हे कुणालाच माहीत नसतं, मग कोणीतरी विचारतो, "कधीचाय बे हा फोटो?" आणि ग्रुप गप्प.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो, मायनस म्हणजे काय. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी म्हणजे मृतसाठा, त्याला हात लागला की टक्केवारी शून्याच्या खाली मोजायची. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ६० च्या आसपास गेला होता. आकडा ऐकून कुणाला काही होत नाही हो, पण मंदिराचा पाया दिसला की पोटात गोळा येतो.

फोटोची ही ताकद लोकांना दीडशे वर्षांपूर्वीच कळली होती. १८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्स अमेरिकेत योसेमिटीच्या दरीत भल्यामोठ्या काचेच्या प्लेटा खेचरांवर लादून गेला. १८६४ मध्ये लिंकननी ती दरी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली, तेही स्वतः तिथं पाय न ठेवता. १८७१ ला विल्यम हेन्री जॅक्सननी यलोस्टोनचे फोटो आणले आणि पुढच्याच वर्षी तिथं नॅशनल पार्क झालं. एकट्या फोटोंनी झालं असं नाही, पण ती जागा न पाहिलेल्याला ती दाखवायचं काम त्यांनी केलं. ह्या गाजलेल्या फोटोंत डोंगर आहेत, धबधबे आहेत, तिथं आधीपासून राहणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

आपल्याकडे सुरुवात उलटी झाली, आधी माणसंच, आणि तीही हाडांचे सापळे झालेली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात (आपला सोलापूर जिल्हाही त्यात होरपळला) विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानी मद्रास भागात उपाशी लोकांना स्टुडिओत बसवावं तसं ओळीनं बसवून फोटो काढले. लोक हळहळले, आणि त्याच्यावर टीकाही झाली की फोटो काढलेस पण त्यांना खायला काय दिलंस. हा प्रश्न अजून कुठल्याच फोटोग्राफरची पाठ सोडत नाही, सोडूही नये.

मग १९३६. अमेरिकेत दुष्काळ, सरकारी योजनेसाठी फोटो काढणाऱ्या आर्थर रॉथस्टीनला एक जनावराची कवटी सापडली, चांगला फोटो यावा म्हणून त्यानी ती थोडी हलवली. निवडणुकीचं वर्ष, विरोधी पेपरांनी धरलं, खोटं खोटं म्हणून बोंब. दुष्काळ खराच होता हो, पण चर्चा झाली कवटीची.

अमेरिकेतल्याच क्लीव्हलँडचा किस्सा तर मला अजून पचत नाही. जून १९६९ मध्ये तिथल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराला आग लागली, अर्ध्या तासाच्या आत विझली, कुणाला फोटो मिळालाच नाही, तर टाइम साप्ताहिकानी बातमीबरोबर १९५२ च्या आगीचा फोटो लावला. त्या नदीच्या नावानं देश पेटला, आणि १९७२ ला स्वच्छ पाण्याचा कायदा आला त्यामागे ह्या आगीचंही नाव घेतात. म्हणजे फोटोची तारीख चुकीची आणि कायदा बरोबर! आता काय म्हणायचं?

मिनामाटाकडे बघितलं की मात्र वाटतं, काम असं करावं. जपानच्या ह्या कोळीवस्तीत चिस्सो कंपनीच्या कारखान्याचा पारा समुद्रात, तिथून माशात, माशातून माणसात. आजार १९५६ लाच नोंदला होता, पण त्याचं कारण हेच हे सरकारनी कबूल करायला १९६८ उजाडलं. यूजीन आणि आयलीन स्मिथ हे फोटोग्राफर जोडपं १९७१ ला तिथं गेले आणि तीन वर्षं राहिले, त्यांच्यातच. कंपनीच्या माणसांनी यूजीनला मारहाण केली, डोळ्याला कायमचा त्रास झाला. आई आपल्या अपंग लेकीला अंघोळ घालतेय तो फोटो १९७२ ला लाइफ साप्ताहिकात आला आणि जगभर गेला. १९७३ ला कोर्टानी कंपनीला दोषी धरलं. पुढं मुलगी गेल्यावर घरच्यांना वाटलं आता तिला विश्रांती द्यावी, तर आयलीननी तो फोटो छापू देणं थांबवलं. सगळ्यात गाजलेला फोटो असा मागं घ्यायला छाती लागते.

भोपाळचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९८४, मातीत पुरलं जाणारं ते बाळ, रघु रायनी टिपलं आणि पाब्लो बार्थोलोम्यूनीही. बाळाचं नाव आजतागायत कुणाला माहीत नाही, पण जागा आणि तारीख पक्की.

आमच्या घरात असा एकच फोटो आहे, आत्याच्या ट्रंकेत. बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडतायत, ७२ चा दुष्काळ, सुकडी आणि लाल मिलोचे दिवस. मागे पेन्सिलीनं लिहिलंय, "मे ७३, बार्शी रोड". डावीकडून तिसरी आमची आजी, पण चेहरा दिसत नाही, पदर ओढलाय. आत्या म्हणते फोटोवाला शहरातून आलेला, तिला नको होतं.

त्याच बार्शी रोडवर नान्नज. १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, नंतर कमी करून १,२२२. हा पक्षी एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर, जमिनीवर, जवळ कोणी गेलं की उठतो. त्यामुळे इथं माझं तारीख-ठिकाणाचं तुणतुणं बंद, घरट्याची जागा सांगणारा फोटो टाकूच नये. टाकायला तरी पक्षी कुठं उरलेत म्हणा, दिसला तर नशीब.

तर २०२४ च्या मे मध्ये मी स्वतः पळसदेवला गेलो, दुपारच्या उन्हात गाळातून चालत, चप्पल एक तिथंच राहिली. फोटो काढला, खाली ठसठशीत तारीख, वार, वेळ टाकली आणि ग्रुपवर सोडला. कोणी काही विचारलं नाही. चार दिवसांनी तोच फोटो मामाच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरून माझ्याकडे आला, खालची तारखेची पट्टी कापलेली आणि वर गुलाबाच्या फुलासकट "शुभ सकाळ".